आकडा उतरला नाही

४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

तुझं जहाज सध्या कुठल्या पाण्यात आहे कोण जाणे. हे पत्र कंपनीच्या ऑफिसात पडेल, तिथून कुठल्यातरी बंदरावर तुला गाठेल, तोवर माझा राग निवळलेला असेल. म्हणून आधी रागाचंच लिहून घेते. तू पसंत करून दिलेल्या त्या भांडी धुण्याच्या मशीनने माझ्या नाकी नऊ आणलेत.

तुझ्या दाजींनी तिचं नाव 'बाईसाहेब' ठेवलंय. बाईसाहेब सुरू होतात, पाणी घेतात, तापवतात, आणि ऐन धुण्यात रुसून बसतात. पडद्यावर ई आणि पाचचा आकडा लुकलुकत राहतो. सोबतच्या पुस्तिकेत त्याचा अर्थ दिलाय, तापमानाच्या सेन्सरमध्ये दोष. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. त्याच्यासमोर बाईसाहेब अगदी शहाण्यासारख्या चालल्या. माझ्याकडे असं बघून गेला तो, की मीच काहीतरी कुरापत काढतेय.

एरवी मी हाताने धुतली असती, पण ह्यांच्या रक्ताचं दुखणं तुला ठाऊक आहे. नव्या औषधाने अंगातली झुंजायची ताकद पार गेली आहे, साधी सर्दीसुद्धा झेपायची नाही म्हणतात डॉक्टर. म्हणून ह्यांची भांडी कडकडीत पाण्यातूनच निघाली पाहिजेत. मशीन थांबलं की मी सगळी पातेल्यात घालून उकळत बसते. सकाळ त्यातच जाते.

बाकी ठीक. दोन स्वेटर चढवून हे मशीनच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. तिथे ऊब लागते म्हणे. मशीन आटपलं की शिट्टी देतं, पण माझे कान तुला माहीत आहेत. मी ओट्याकडे तोंड करून काहीतरी करत असते, आणि हे मागून खांद्यावर बोट ठेवून सांगतात, "बाईसाहेबांचं आटपलं." हल्ली ते सांगायचीही वेळ येत नाही, कारण बाईसाहेबांचं आटपतच नाही.

फोन करू नकोस. तू ओरडणार, मी भलतंच ऐकणार आणि दोघंही चिडणार. सविस्तर लिही.

तुझी
ताई


२१ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मशीन मी पसंत केलं म्हणजे ते जन्मभर माझ्या नावाने खडे फोडायला, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. इथल्या भटारखान्यात तुमच्या स्वयंपाकघराएवढं एक मशीन आहे, ते सगळ्या जहाजाची ताटं धुतं आणि तरी तुझ्या बाईसाहेबांइतकं रुसत नाही. असो. नीट वाच आणि सांगितलंय त्याच क्रमाने कर. निम्मं वाचून कामाला लागायची तुझी सवय मला माहीत आहे.

पहिली गोष्ट, धुणं चालू असताना मध्येच दार कोणी उघडत नाही ना? मध्येच उघडलं की वाफ निघून जाते आणि आतलं पाणी गार होतं. मग मशीनचा हिशोब चुकतो आणि ते सेन्सरवर खापर फोडतं. तुमच्याकडे दोनच माणसं, त्यामुळे हे नसणार, पण विचारायची पद्धत आहे.

दुसरी गोष्ट, सेन्सर. आधी भिंतीतला प्लग काढ, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. मशीन रिकामं आणि कोरडं असू दे. खाली दाराखालची पट्टी स्क्रूवर आहे, ती काढ. आत बोटाच्या पेराएवढी धातूची टोपी दिसेल आणि तिला दोन वायरी. तोच सेन्सर. जोडणी ओढून काढ, ओल किंवा गंज असेल तर पुसून घे. मग माझ्या जुन्या पेटीतला मीटर आण आणि त्याच्या दोन सुया सेन्सरच्या दोन टोकांना लाव.

आता लक्ष दे. हा प्राणी उलट्या स्वभावाचा आहे. गार असताना आकडा मोठा दाखवतो, ऊब लागली की आकडा उतरतो. उतरला तर सेन्सर जिवंत आहे, आणि जागचा हलला नाही तर गेला. ऊब द्यायला गरम पाणी घेऊ नकोस, तू मीटरसकट बुडवशील. सरळ दाजींच्या मुठीत दे. त्यांच्या हातासारखी खात्रीची शेगडी जगात नाही. मी तुमच्याकडे राहायला आलो तेव्हा शाळेत जायच्या आधी ते बेकरीच्या भट्टीवरून यायचे आणि माझे दोन्ही पंजे आपल्या पंजात धरायचे. पहिल्या तासाला माझी अक्षरं सरळ यायची ती त्यामुळे. भट्टीतले पत्रे नुसत्या हाताने ओढणारा माणूस तो, सेन्सरला घाम फोडेल.

काय होतं ते कळव. दाजींना नमस्कार, आणि त्यांच्याविषयी 'बाकी ठीक' यापेक्षा दोन शब्द जास्त लिहीत जा.

तुझा
धाकटा


९ मार्च

प्रिय धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं, त्याच क्रमाने केलं. पत्र पूर्ण वाचलं, दोनदा.

दार कोणी उघडत नाही. मी मशीन सुरू केलं की त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. ह्यांनाही विचारलं. "मी कशाला उघडू?" म्हणाले आणि पेपर वर धरला.

मग पट्टी काढली. मी फरशीवर आडवी, हे खुर्चीत बसून बॅटरीचा उजेड पाडतायत, आणि उजेड सगळीकडे पडतोय, सेन्सर सोडून. मी म्हटलं, "अहो, माझ्या नाकावर काय पाडताय?" तर म्हणाले, तिथेच काहीतरी बिघडलंय असं दिसतं. फार दिवसांनी असे हसलो. ह्यांना हसताना धाप लागली म्हणून थांबलो.

जोडणीवर हिरवट डाग होता, तो पुसला. मीटर लावला. मग सेन्सर ह्यांच्या मुठीत दिला. मूठ घट्ट आवळून बसले, मी मीटरकडे डोळे लावून. आकडा उतरला नाही. सांगितलं, आणखी धरा. धरला. बराच वेळ धरला. शेवटी हेच म्हणाले, "गेला बहुतेक." नंतर मला वाटलं, आपणही बघावं, म्हणून मी मुठीत घेतला, तर भराभर उतरला. पुन्हा ह्यांच्याकडे दिला, तर पुन्हा हळूहळू चढला आणि तिथेच बसला. आता ह्याला काय म्हणायचं? नवरा-बायकोत भेदभाव करणारा सेन्सर मी पहिल्यांदा बघितला.

पुन्हा जोडून ठेवलाय. ई पाचचा कोड अजून येतोच. रोज नाही, पण येतो. आणि आणखी एक चमत्कार. कप कमी होतायत. बिनकानाचे ते जाड पांढरे कप, बेकरीतले, त्यातले दोन-तीन सापडत नाहीत. हे म्हणाले, बाईसाहेब गिळत असतील.

ह्यांच्याविषयी जास्त लिही म्हणालास. जेवण कमी झालंय. उन्हातही स्वेटर निघत नाही. स्वभाव आहे तोच.

तुझी
ताई


२७ मार्च

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

निदान झालं. कधी उतरतो आणि कधी उतरत नाही, म्हणजे आतला धागा अर्धवट तुटलेला आहे. जरा हलला की जोडला जातो, जरा हलला की सुटतो. तुझ्या हातात तो जोडला गेला असणार. असा दोष सर्वांत लबाड, म्हणूनच कंपनीच्या माणसासमोर दिसला नाही. मी इथल्या पुरवठादाराकडून नवा सेन्सर मागवून तुझ्या पत्त्यावर पाठवतोय. टोपी तीच, वायरी त्याच, बदलायला तुला पाव तासही लागणार नाही. दाजींना म्हणावं, या वेळी उजेड सेन्सरवर पाडा.

आता दुसरं. ताई, तुझं मशीनचं वर्णन दोन पानं आणि दाजींचं तीन ओळी. घरचा कायदा मला माहीत आहे. आई गेल्याची तार मला भर समुद्रात मिळाली होती. उतरायला जमीन नाही, रडायला जागा नाही, आठवडाभर मी अन्नाला शिवलो नाही. तेव्हापासून दाजींनी फर्मान काढलं, समुद्रावरच्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही, तो जमिनीवर उतरला की सांगायची. प्रेमाने काढलं, कळतं मला. पण त्यामुळे तुझं 'ठीक' मी तीनतीनदा वाचतो. जूनच्या अखेरीस माझा करार संपतो. तेव्हा मी येणार आणि दाजींकडून पाव करायला शिकणार. गेल्या खेपेला ते म्हणाले होते, तुझे हात गार, तुझ्या हातून पीठ फुगायचं नाही. बघूच.

तुझा
धाकटा


२ मे

प्रिय धाकट्या,
आशीर्वाद.

लिहायला उशीर झाला. तू पाठवलेलं पार्सल मिळालं. नीट पोचलं, डबी फुटलेली नाही. पण बसवायची गरज पडली नाही. मशीन बरं झालंय. मधल्या काळात कोड एकदाही आला नाही. सुरू केलं की शेवटपर्यंत चालतं.

मीही आता रोज लावत नाही. भांडी थोडी असतात, ती साठली की लावते. उघडते तेव्हा भांडी पार गार झालेली असतात, पण स्वच्छ निघतात.

ह्यांना आता थंडी वाजत नाही.

तू तुझी तब्येत सांभाळ. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी
ताई


२० मे

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र भटारखान्यात मोठ्याने वाचून दाखवलं. इथला आचारी माझा दोस्त आहे, त्याला बाईसाहेबांची सगळी भानगड माहीत आहे. मी त्याला म्हटलं, बघ, जोडणीवरचा हिरवा डाग पुसला आणि दोष गेला, हजारो मैलांवरून मशीन दुरुस्त करणारा माणूस बघून घे. त्याने मला जास्तीची खीर वाढली. सेन्सर जपून ठेव, पुढेमागे लागेल.

आणि दाजींची थंडी गेली हे वाचून तर खीर आणखी गोड लागली. नवं औषध लागू पडलेलं दिसतंय. मला वाटतच होतं. आता स्वेटर काढून ठेवायला सांग आणि भट्टीवाल्यासारखं वाग म्हणावं. मी आलो की पहिल्या दिवशी पीठ मळायला


ताई, पत्र इथवर लिहून ठेवलं होतं आणि कामावर गेलो होतो. आमच्या मशीनचं धुणं संपलं आणि शिट्टी झाली. पोऱ्ये ताटं काढायला धावले. मी तिथेच उभा राहिलो. खोलीत येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं.

उघडते तेव्हा भांडी पार गार झालेली असतात, असं तू लिहिलंयस.

ताई, मशीन आटपल्याचं तुला आता कोण सांगतं?

आमचं जहाज इथे बंदरावर दुरुस्तीसाठी थांबलं आहे. मी जमिनीवर आहे. कायद्यात बसतंय. लिही.

धाकटा


६ जून

प्रिय धाकट्या,

पाकिटावर तू या वेळीही 'सौ.' लिहिलंस. ते पाकीट मी ठेवून घेतलंय, टाकवलं नाही.

एप्रिलमध्ये गेले. दुपारची वेळ होती. सकाळी बरे होते, अर्धी भाकरी खाल्ली, पेपर वाचला. मी मशीन लावलं आणि ओट्याकडे तोंड करून भाजी निवडत बसले. हे नेहमीच्या खुर्चीत होते. भाजी निवडून झाली. कणीक मळून झाली. मला वाटलं, आज बाईसाहेबांना एवढा वेळ कसा लागतोय. खांद्यावर बोट येईल म्हणून मी थांबले होते. शेवटी वळून बघितलं तर मशीनचा हिरवा दिवा लागला होता. कधीच आटपलं होतं. ह्यांची मान खाली होती आणि पेपर मांडीवर.

किती वेळ मी पाठ करून बसले होते, मला माहीत नाही. शिट्टी झाली असेल. ह्यांनी हाक मारली असेल का, हेही मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, झोपेतच हृदय थांबलं, हाक मारायला वेळच नव्हता. मी त्यांचं ऐकते. पण मशीन सुरू करताना दर वेळी तेच डोक्यात येतं.

त्या दिवशी मशीन न अडता पूर्ण चाललं. तेव्हा माझं लक्ष नव्हतं. नंतरही चालत राहिलं, तेव्हा मीही तुझ्यासारखंच समजले, डाग पुसला म्हणून.

तुला कळवलं नाही, कारण ह्यांनीच शपथ घातली होती. मार्चमध्येच म्हणाले होते, "तो पाण्यावर असेपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही. तो जेवत नाही मग." म्हणून मी मशीनचं लिहिलं. खोटं काही लिहिलं नाही, एवढंच बघितलं.

गेल्या आठवड्यात ह्यांचा बेकरीतला पांढरा कोट खुंटीवरून काढला. घरात तो कोणी घालत नव्हतं, नुसता दाराआड लटकलेला. हातात घेतला तर जड. त्याच्या मोठ्या खिशांतून कप निघाले, ते जाड, बिनकानाचे. सगळे. आणखी एक ह्यांच्या गादीखाली, एक पांघरुणाच्या घडीत.

मी खाली बसले आणि मला सगळं कळलं. हे मशीनशेजारी बसायचे. मला दाराचा आवाज येत नाही हे ह्यांना पक्कं माहीत. पाणी तापलं की हळूच दार उघडायचं, वाफेतून गरम कप काढायचा आणि स्वेटरच्या आत छातीशी धरायचा. गार झाला की मी बघायच्या आत कुठेतरी सारायचा. मला सांगितलं असतं तर मी ओरडले असते, की तुमच्याच भांड्यांची धुणी अर्धवट राहतात, आणि जंतू, आणि डॉक्टर. नक्की ओरडले असते. मी डॉक्टरांनाही विचारून आले. ते म्हणाले, कपांनी काहीही झालेलं नाही, दुखणंच पुढे गेलं होतं. पण अरे, गरम पाण्याची पिशवी मी दिली असती. पातेलंभर पाणी तापवून हात बुडवून दिले असते. एका शब्दाने म्हणायचं की मला फार थंडी वाजते. दोन स्वेटर दिसत होते, मी त्यावर तिसरा विणायला घेतला. त्यांना लोकरीने भागत नव्हतं.

कंपनीचा माणूस आला तेव्हा कोड का आला नाही, हेही आता सांगायला नको. परक्या माणसासमोर हे उठून कप कसा काढणार.

परवा मी मशीन लावलं. एकच कप होता, बाकी रिकामं. पाणी तापेपर्यंत ह्यांच्या खुर्चीत बसले आणि मध्येच दार उघडलं. कप काढला, छातीशी धरला. फार गरम असतो रे. मग दार लावलं, आणि ई पाच आला. लुकलुकत राहिला. तो मी बंद केला नाही, बराच वेळ बघत बसले. दोष परत आल्याचं इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

एक मात्र मला अजून कळलेलं नाही. कोड दारामुळे येत होता, तर सेन्सर चांगलाच असणार. मग त्या दिवशी ह्यांच्या मुठीत आकडा का उतरला नाही? ते तू सांग.

तुझी
ताई


२१ जून

ताई,

तुझं पत्र बंदरावरच्या ऑफिसातल्या बाकावर बसून वाचलं. दाजी म्हणायचे ते खरं होतं. आजही मी जेवलो नाही.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्याच वाचनात कळलं. ताई, सेन्सरचा धागा तुटलेला नव्हता. सेन्सर पहिल्यापासून खरं बोलत होता. मुठीत ऊब असली तर आकडा उतरतो. तुझ्या मुठीत होती, म्हणून उतरला. दाजींच्या मुठीत नव्हती. त्यांचे हात खोलीतल्या हवेइतके गार झाले होते, आणि त्या टोपीने ते जसं आहे तसं सांगितलं. तू ते जसं दिसलं तसं मला लिहिलंस. मी ते वाचलं आणि सुटा भाग मागवला.

माझं सगळं शिक्षण एवढ्याचसाठी झालं, की आकडा हलला नाही तर काय समजायचं ते मला कळावं. पण दाजींचे हात गार असू शकतात हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. मशीन बिघडलं असेल, सेन्सर गेला असेल, मीटर खोटा असेल, इथवर विचार केला. त्यांच्या हातांवर मी शंका घेतली नाही.

आणि मला आता असं वाटतं, की त्यांना तेव्हाच कळलं होतं. मी तुला लिहिलं होतं, ऊब लागली की उतरतो. पत्र तू त्यांना वाचून दाखवलं असणार. मूठ आवळून बसले, तू म्हणालीस आणखी धरा, तर आणखी धरला. मग "गेला बहुतेक" म्हणाले. तू पुढे काही विचारू नयेस म्हणून म्हणाले.

नवा सेन्सर असू दे डबीत. जुना चांगला आहे, त्याला हात लावायचा नाही.

मी परवा निघतोय. करार संपायला थोडे दिवस बाकी होते, कप्तानाने सोडलं. तिथे पोचेन तेव्हा दुपार असेल. घ्यायला येऊ नकोस. दार मीच उघडेन, किल्ली माझ्याकडे अजून आहे. सामानात या वेळी हत्यारं नाहीत.

मी आलो की तू मशीन लाव. कप ठेव, जेवढे आहेत तेवढे सगळे. मग ओट्याकडे तोंड करून तुझं जे काही असेल ते करत बस, वळून बघू नकोस. मी खुर्चीत असेन. माझे हात गारच असतात, खांद्याला जरा लागतील. पण बाईसाहेबांचं आटपलं की मी सांगेन.

धाकटा